मॅडम, तुम्ही मला बाकावर बसवलंत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले. घसा दाटून आला होता, हे तर खरंच. पण मला जे सांगायचं होतं ते एका बाकाबद्दल, दोन पानांच्या एका यादीबद्दल आणि एका फोनबद्दल होतं. हार-तुऱ्यांच्या गडबडीत ते सांगून झालं नसतं. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

आणि हे पत्र मुद्दाम उघड लिहितेय. स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या कर्मचाऱ्याबद्दल कुणी चार ओळी लिहितं ते बहुतेक वेळा तक्रार म्हणून. त्या तक्रारी खऱ्या असतात. मी खिडकीच्या आत बसते, मला माहीत आहे. पण त्याच खिडकीच्या आत इतकी वर्षं तुम्हीही होतात, आणि तेही लोकांना कळायला हवं.

जन्म-मृत्यू नोंदणी विभागात रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. एक आजोबा बायकोच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आले. दवाखान्याच्या कागदावरचं नाव आणि बाकीच्या कागदांवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. मी म्हटलं, "दुरुस्तीचा अर्ज करा, प्रतिज्ञापत्र जोडा, मग या." त्यांना ऐकू गेलं नसावं, त्यांनी पुन्हा विचारलं. मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं आणि मागच्या माणसाचा कागद ओढून घेतला. तुम्ही तुमच्या टेबलावरून उठलात आणि जिन्यानं त्यांच्या मागे गेलात. वीस मिनिटांनी परत आलात तेव्हा हातात दुरुस्तीचा अर्ज होता. अक्षर तुमचं आणि खाली त्यांची थरथरती सही. मला एक शब्द बोलला नाहीत. मी दिवसभर वाट पाहिली, पण नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, "आज अकरा ते बारा खिडकीवर मी बसते. तू बाहेर बाकावर बस. मोबाईल आत ठेव."

त्या तासाभरात मी जे पाहिलं ते रोज माझ्यापासून चार हातांवर होतं. काचेच्या खालची फट एवढी खाली होती की बोलायला प्रत्येकाला कमरेत वाकावं लागत होतं. वाकलं की आतल्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता, दिसत होता फक्त हात आणि पेन. कागदपत्रांची यादी लावलेला फलक खिडकीच्या वर, इतका उंच, की एक बाई टाचा उंचावून बोटानं एकेक ओळ लावत होती आणि तिसऱ्या ओळीवर दर वेळी तिचं बोट हरवत होतं. एकजण प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभा होता. त्यातले कागद त्यानं चार वेळा बाहेर काढून मोजले. आणि मग माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी, मी पण कामालाच आले असेन असं समजून, हळू आवाजात विचारलं, "तुमचं कोण गेलं, ताई?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन महिने मी त्या खिडकीतून अर्ज घेत होते. कोण गेलं, असं मी कुणालाही विचारलं नव्हतं. म्हणजे त्या बाईंनी मला, एका अनोळखी बाईला, जे विचारलं तेवढंसुद्धा नाही.

बारा वाजता तुम्ही फक्त विचारलंत, "काय काय दिसलं?" मी सांगत गेले, तुम्ही कागदावर उतरवत गेलात. आठवड्याभरात फलक खाली आला, अक्षरं मोठी झाली, जन्माची यादी वेगळी आणि मृत्यूची वेगळी झाली. खिडकीपुढे एक स्टूल आलं. ठराव लागला नाही की निधी लागला नाही. स्टूल तर भांडारगृहात धूळ खात पडलं होतं.

आता मला नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला बोलावतात, तेव्हा मी त्यांना मायकेल लिप्स्की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं म्हणणं सांगते. त्यांनी १९८० मध्ये मांडलं की शिक्षक, पोलीस, खिडकीवरचा कारकून अशी थेट लोकांशी गाठ पडणारी माणसं रोज जे लहान लहान निर्णय घेतात, तेच लोकांच्या वाट्याला येणारं सरकारी धोरण असतं. वर काहीही ठरलेलं असो. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ते आजोबा आठवले. त्यांच्यापुरतं धोरण म्हणजे मीच होते. आणि जिन्यात त्यांना गाठलंत ते तुम्ही.

तुमच्याबद्दल एक गैरसमज होता, तो इथे खोडून काढते. लोक म्हणायचे, मॅडम नियम वाकवतात. मी तुमच्या हाताखाली काम केलंय. तुम्ही एकही नियम वाकवला नाहीत. तुम्ही नियम शेवटपर्यंत वाचत होतात, एवढंच. मी "मुदत संपली" या ओळीवर थांबायची. तुम्ही म्हणायचात, "खाली वाच." आणि खाली उशिराच्या नोंदीची रीत लिहिलेली असायची. कुणाची परवानगी, कुठला पुरावा, किती विलंब शुल्क, सगळं. नकाराचं कलम पाठ करायला सोपं असतं. मार्ग सांगणारं कलम शोधायला पान उलटावं लागतं आणि समोर रांग असताना पान उलटायचा कंटाळा येतो. हा कंटाळा किती महाग पडतो ते तुम्हीच मला दाखवलंत. जन्माची नोंद नसलेलं मूल कागदावर कुठेच नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं सातवं कलम सांगतं की मूल जन्मताच त्याची नोंद झाली पाहिजे. तरीही जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची नोंद झालेली नाही, असं युनिसेफनं २०२४ मध्ये सांगितलं. एवढा मोठा आकडा वाचून हातपाय गळतात. पण त्यातलं एखादं मूल आपल्या खिडकीपर्यंत येतं, तेव्हा ते परत जाऊ नये एवढं तर आपल्या हातात असतं.

पत्त्याच्या रकान्यावरून तर मी तुमची किती बोलणी खाल्ली! मी कंटाळून नुसतं वस्तीचं नाव लिहून मोकळी व्हायची. एक दिवस तुम्ही नोंदवही मिटलीत आणि मला लंडनची गोष्ट सांगितलीत. १८५४ च्या ऑगस्टअखेर तिथल्या सोहो भागात कॉलरा उसळला. डॉ. जॉन स्नो यांनी नोंदणी कार्यालयातून मृत्यूंची यादी मिळवली. २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात त्या परिसरात कॉलऱ्याचे ८९ मृत्यू नोंदले गेले होते, त्यातले ८३ शेवटच्या तीन दिवसांतले. स्नो ती यादी घेऊन दारोदार फिरले आणि जवळजवळ सगळी घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच हातपंपाच्या आसपासची निघाली. त्यांनी ते तिथल्या स्थानिक मंडळापुढे मांडलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरायला लागली होती, हेही तुम्ही सांगितलंत. गोष्ट फुगवून सांगणं तुम्हाला कधीच आवडलं नाही.

मग म्हणालात, "डॉक्टरांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ते पत्ते ज्यानं लिहिले त्याचं नाव कुणाला माहीत आहे? त्यानं नुसतं 'सोहो' लिहून सोडलं असतं तर डॉक्टर कुठल्या दारात गेले असते?"

त्या दिवसापासून मी घर क्रमांकाशिवाय पत्ता लिहिलेला नाही.

आता त्या दोन पानांबद्दल. हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि अजूनही सांगताना मला भरून येतं.

मृत्यूची नोंदवही रोज लिहिणाऱ्याला एक सवय लागते. रकाने भरायचे, वाचायचे नाहीत. मन जपायला ती सवय लागत असेल, मी कुणाला दोष देत नाही. पण तुम्ही व्यवसायाचा रकाना वाचत होतात. तिथे 'सफाई कामगार' आलं की तुमचं बोट सरकून वयाच्या रकान्यावर जायचं. चाळीस. सेहेचाळीस. अडतीस. ती आपल्याच संस्थेची माणसं होती. पहाटे आपण झोपेत असताना आपल्याच दारावरून गेलेली. तुम्ही रोज दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं जुन्या नोंदवह्या चाळायला लागलात आणि काही आठवड्यांत दोन पानांची यादी झाली. नाव, वय, मृत्यूचं कारण, तारीख. खाली शेरा नाही, टीका नाही.

पहिल्यांदा ती वर गेली आणि 'अभिलेखात ठेवावे' असा शेरा घेऊन परत आली. मला वाटलं, संपलं. तुम्ही आरोग्य विभागाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन पुन्हा गेलात. तिसऱ्या खेपेला विषय सभेपुढे आला. वार्षिक आरोग्य तपासणी सुरू झाली. आणि हातमोजे बदलले. हातमोज्यांची गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती, ती तुम्ही पहाटे हजेरीच्या जागी जाऊन विचारून आलात. सगळे हातमोजे एकाच मोठ्या मापाचे यायचे. बायकांच्या हातात ते सैल पडायचे, झाडूची पकड सुटायची, म्हणून त्या काढून ठेवायच्या. आणि कागदावर नोंद व्हायची की कामगार सुरक्षा साधनं वापरत नाहीत. तुम्ही तीन मापांची मागणी लिहिलीत. तेवढ्यावर थांबलाही नाहीत. कंत्राटी कामगारांना तपासणीत घ्यायला आणखी वर्ष गेलं, ते वर्षभर तुम्ही स्मरणपत्रं पाठवत राहिलात. त्यांच्या स्थळप्रती मीच फाईलला लावल्या आहेत, म्हणून मला ठाऊक आहे.

संस्थेची सामाजिक जबाबदारी म्हटलं की आपल्याकडे पटकन उपक्रम आठवतात. एक दिवसाची मोहीम, फलक, फोटो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं २०१० मध्ये आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीचं मार्गदर्शक मानक काढलं, ते सगळ्या प्रकारच्या संस्थांसाठी आहे. त्यात सात मुख्य विषय सांगितलेत. समाजाचा सहभाग आणि विकास हा त्यातला एक आहे, आणि आपल्या इथे राबणाऱ्या माणसांना आपण कसं वागवतो हाही त्यातलाच एक. ते वाचताना मला तुमची दोन पानं दिसत होती. गावाची काळजी घ्यायला निघालेल्या संस्थेनं गाव झाडणाऱ्या बाईच्या हाताचं माप घेतलेलं नव्हतं, आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं नाही.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही परिपत्रकानं घडलं नसतं. सफाई कामगार आपणहून तुमच्याकडे येऊ लागले. "मॅडम, मागच्या गल्लीत बाळ झालंय, घरीच. नोंद झाली का बघा." कुठल्या घरात नवं बाळ आलंय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? दारात पडलेल्या कचऱ्यावरून कळायचं त्यांना. त्यांना कुणी हे काम सांगितलं नव्हतं, त्याचा भत्ता नव्हता. तुम्ही त्यांच्या नावांची वही वाचलीत म्हणून ते आपल्या वहीची काळजी करू लागले, असं मला वाटतं.

आता माझं स्वतःचं सांगते.

दुसऱ्या वर्षी मला खासगी कंपनीत नोकरी मिळाली. पगार बरा होता, खिडकी नव्हती. मी राजीनामा लिहून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो नीट वाचलात, एक शब्द चुकला होता तो दुरुस्त करायला लावलात आणि विचारलंत, "टेबलावर प्रलंबित किती?" तेवीस होती. म्हणालात, "राजीनामा आजच पुढे पाठवते. ही तेवीस हातावेगळी करून जा. आणि काम झालं की प्रत्येकाला स्वतः फोन करून सांग."

फोन करायची पद्धत आपल्याकडे नव्हती. लोकच खेटे घालून विचारायचे. मी नाइलाजानं सुरुवात केली. सातवा-आठवा फोन एका मुलीला होता. तिच्या जन्माची नोंदच झालेली नव्हती, परीक्षेचा अर्ज अडला होता, दीड वर्ष ती आणि तिची आई हेलपाटे घालत होत्या. मी म्हटलं, "तुमचा दाखला तयार आहे, उद्या घेऊन जा." पलीकडे शांतता. मग तिनं विचारलं, "तुम्ही कार्यालयातूनच बोलताय ना? स्वतःहून?" मी हो म्हटलं. तिनं फोनवर हात ठेवला असावा, तरी मला ऐकू आलं. ती ओरडून सांगत होती, "आई, नाव चढलं माझं!"

पुढे कितीतरी वर्षांनी मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ मधला एक प्रयोग वाचला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे कर्मचारी होते. त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी त्यांतल्या काहींची काही मिनिटांची भेट घडवली. महिन्याभरानं पाहिलं तर ही मंडळी आधीपेक्षा दुपटीहून जास्त वेळ फोनवर काम करत होती. तुम्ही तो प्रयोग वाचला होता की नाही, मला माहीत नाही. मला मात्र तुम्ही तेवीस भेटी घडवून दिल्यात.

बाविसावा फोन झाल्यावर मी येऊन विचारलं, राजीनामा मागे घेता येतो का. "अर्ज दे," एवढंच म्हणालात. कारणाच्या जागी काय लिहावं मला सुचेना. तुम्ही म्हणालात, "रिकामं सोडू नकोस, त्रुटी काढतील." मी लिहिलं, 'काम आवडतं.' तुम्ही त्याखाली शिफारस लिहून सही केलीत. तेविसावा फोन मग दुसऱ्या दिवशी केला.

मायर आणि अॅलन या संशोधकांनी १९९१ मध्ये कर्मचाऱ्याच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले आहेत. कुणी मनापासून राहावंसं वाटतं म्हणून राहतो, कुणी सोडणं परवडत नाही म्हणून आणि कुणी राहणं आपलं कर्तव्य आहे असं वाटतं म्हणून. मी रुजू झाले ती दुसऱ्या प्रकारानं. भाषणांमधून आम्हाला सतत तिसरा प्रकार ऐकवला गेला. कर्तव्य, निष्ठा, सेवा. ते शब्द खोटे नाहीत, पण माझ्यासारख्या कंटाळलेल्या मुलीच्या ते डोक्यावरून जायचे. तुम्ही त्यातला एकही शब्द न उच्चारता मला पहिल्या प्रकारात आणून सोडलंत. त्याबद्दल मी तुमची आयुष्यभराची ऋणी आहे.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायलाच हवेत, नाहीतर हे पत्र वाचून कुणाला वाटेल की तुम्ही माणसांना राबवून घेत होतात. कार्यालय सुटायच्या वेळेला तुम्ही उठायचात आणि आम्हालाही उठवायचात. आपल्यातली एकजण रोज उशिरापर्यंत बसायची, तिचं सगळीकडे कौतुक व्हायचं. तुम्ही कौतुक केलं नाहीत. तुम्ही तिच्याकडच्या नोंदी मोजल्यात, ते दोन माणसांचं काम निघालं, आणि रिक्त पद भरण्याची टिपणी पाठवलीत. मला म्हणाला होतात, "हिच्या चांगुलपणावर आपण एक पद वाचवतोय, हे बरोबर नाही." बांधिलकीचं कौतुक करत करत माणसाला पिळून घेणं किती सोपं असतं, हे मी पुढे इतर ठिकाणी खूप पाहिलं. दर काही महिन्यांनी ज्याचा करार संपतो त्याच्याकडून जन्मभराची निष्ठा मागणारेही पाहिले. तुम्ही आमच्याकडून काही मागण्याआधी आमचं काय देणं आहे ते बघत होतात.

तुम्ही हे पत्र वाचून म्हणाल, "एवढं काय केलं मी? कामच तर होतं." मॅडम, ते काम तुमच्याआधी त्या खुर्चीवर होतं आणि तुमच्यानंतरही आहे. फलक तेव्हाही उंचच होता. व्यवसायाचा रकानाही तिथेच होता.

फोन करायची पद्धत चालू आहे. आता मोबाईलवर संदेश जातो, तरी ज्यांची प्रकरणं फार रखडली होती त्यांना आम्ही आवाजानंच सांगतो. स्टूल बदललं, पहिलं मोडलं. बाक तोच आहे, त्याचा डुगडुगणारा पाय गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतला.

गेल्या सोमवारी नव्यानं रुजू झालेल्या मुलाला मी त्या बाकावर बसवलं. अकरा ते बारा, मोबाईल आत. बारा वाजता विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, "मॅडम, पंखा फक्त आतल्या बाजूला आहे. बाहेर उभ्या असलेल्यांना वारा लागतच नाही." इतकी वर्षं मी तिथून ये-जा करतेय, मला ते कधी दिसलं नव्हतं. पंख्याची मागणी त्याच्याच हातून लिहून घेतली आणि विद्युत विभागाकडे पाठवली आहे. बसला की कळवते.

तब्येतीला जपा.

आपली नम्र,
नोंदणी विभागातली तुमची कनिष्ठ लिपिक